कनेक्शन बदललं तरी टिकेल असा राउटर कसा निवडावा

घरचं इंटरनेट बदलायचं ठरलं की सगळी चर्चा प्लॅनच्या स्पीडवर होते. तो स्पीड घरभर फिरवणाऱ्या डब्याचा विचार मात्र जोडणीच्या दिवशी, ऐन वेळी होतो. माझंही तसंच झालं. घरी टेलिफोनच्या तारेवरून येणारं एडीएसएल होतं आणि त्यासाठी मी बराच खर्च करून मोडेम आणि राउटर एकत्र असलेला डबा घेतला होता. दीड वर्षानं फायबर आलं. जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञानं तो डबा हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाला, "याला वॅन पोर्टच नाहीये. माझी केबल लावू कुठे?" वॅन पोर्ट म्हणजे बाहेरचं इंटरनेट केबलनं आत घेणारं सॉकेट. मागे टेलिफोनच्या पिनेचं एक छोटं सॉकेट होतं, शेजारी चार पिवळे लॅन पोर्ट, म्हणजे घरातली उपकरणं केबलनं जोडायची सॉकेटं, बस्स. डबा ठणठणीत, वाय-फाय उत्तम, आणि तरी नव्या कनेक्शनला तो चालेना. त्या डब्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: मोडेम आणि राउटर वेगळे ठेवावेत. मोडेमची सोयरीक कंपनीच्या तारेशी असते, राउटरची तुमच्या घराशी. तार बदलली की मोडेम बदलावाच लागतो. राउटर बदलण्याचं मात्र काहीच कारण नसतं.

पुढचा क्रम प्रत्यक्षात जसा करावा लागतो तसाच ठेवला आहे: आधी तार ओळखायची, मग कंपनीला विचारायचं, मग खरेदी, मग जोडणीचा दिवस.

एका डब्यात चार कामं

ज्याला आपण सरसकट राउटर म्हणतो त्या डब्यात चार कामं चालतात. पहिलं मोडेमचं. टेलिफोनची तार, टीव्हीची जाड केबल किंवा काचेचा तंतू यांतून येणारा संदेश साध्या इथरनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या नेहमीच्या केबलवर, आणायचा. फायबरच्या बाबतीत या डब्याला मोडेम न म्हणता ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, पण आपल्यापुरतं काम तेच. दुसरं राउटरचं. बाहेरून एकच पत्ता मिळतो, त्यावर घरातली दहा-पंधरा उपकरणं चालवायची आणि आगंतुकांना दारातच अडवायचं. तिसरं स्विचचं, म्हणजे मागचे ते तीन-चार लॅन पोर्ट. चौथं वाय-फायचं.

यातलं फक्त पहिलं काम तारेवर अवलंबून आहे. ते वेगळ्या डब्याकडे सोपवलं की उरलेली तिन्ही कामं तुमच्या ताब्यात राहतात. दोन डब्यांच्या मध्ये असते ती साधी इथरनेट केबल, आणि कनेक्शन कोणतंही असलं तरी ती सारखीच असते. कंपनी बदला, घर बदला, तार बदला. तुमच्या राउटरला फक्त समोरचा डबा बदललेला दिसतो. वाय-फायचं नाव तेच, पासवर्ड तोच, प्रिंटरपासून टीव्हीपर्यंत कशालाही हात लावायला नको.

आधी भिंतीकडे बघा

आज घरात काय येतं आणि उद्या काय येणार आहे, दोन्ही पाहून घ्या.

टेलिफोनची तार असेल तर टोकाला आरजे-११ ही चिमुकली पिन दिसेल. यावर एडीएसएल किंवा त्याचा पुढचा, जास्त वेगवान प्रकार व्हीडीएसएल चालतो. एडीएसएल२+ची कमाल मर्यादा २४ मेगाबिट, तीही एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर असेल तर. तार तीन-चार किलोमीटर लांबली की हाती निम्म्याहून कमी लागतं. व्हीडीएसएल२ रस्त्यावरच्या पेटीपासून जवळ असेल तर १०० मेगाबिटच्या आसपास जातं आणि अंतर वाढलं की त्याचाही जोर झपाट्यानं ओसरतो. निव्वळ एडीएसएलचा मोडेम व्हीडीएसएलवर चालत नाही. उलट बहुतेक व्हीडीएसएल मोडेम एडीएसएलवरही चालतात, म्हणून तांब्याच्या तारेसाठी घ्यायचाच झाला तर व्हीडीएसएलचाच घ्यावा. दुसऱ्या देशातून आणलेला मोडेम असेल तर खोक्यावर ॲनेक्स ए आहे की बी ते वाचा. साध्या टेलिफोन लाइनसाठी ए आणि आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनसाठी बी, अशी ती विभागणी आहे. चुकीचा असेल तर दिवा लुकलुकत राहतो आणि लाइन धरत नाही.

इथे एक चूक हमखास होते. टेलिफोनची पिन लॅनच्या मोठ्या सॉकेटमध्येही जाऊन बसते, टक् असा आवाजही येतो, आणि माणसाला वाटतं जोडणी झाली. टेलिफोनची घंटी वाजते तेव्हा त्या तारेत बराच जास्त व्होल्टेज येतो. लॅन पोर्ट त्यासाठी बनवलेला नाही. पिन सहज बसली म्हणून जागा बरोबर आहे असं समजू नका.

गोल, जाड केबल असेल, मध्यभागी तांब्याची सुई आणि भोवती आट्यांची नळी असेल, तर ती कोॲक्सियल केबल. तिला डॉक्सिस, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट आणायच्या मानकाचा, मोडेम लागतो. डॉक्सिस ३.० हे मानक २००६चं आणि ३.१ हे २०१३चं, त्यामुळे नवा घेताना ३.१च पाहावा. इथली मेख अशी की बाजारातला कुठलाही मोडेम चालत नाही. कंपनीच्या मान्य यादीत तो असावा लागतो आणि त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, कंपनीनं आपल्या यंत्रणेत नोंदवावा लागतो. यादी न पाहता घेतलेला केबल मोडेम म्हणजे पैसे पाण्यात.

फायबर असेल तर बारीक, गुळगुळीत केबल आणि टोकाला बहुधा हिरवं प्लास्टिकचं डोकं. हिरव्या टोकाची काच आठ अंशांच्या कोनात घासलेली असते, निळ्या टोकाची सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण हिरव्यात निळं लावलं की प्रकाश वाया जातो. या केबलला तीव्र कोनात वाकवू नका, खिळ्याखाली दाबू नका आणि उघडं टोक डोळ्यांसमोर धरू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बंद आहे असं वाटतं. सर्वाधिक वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर सुमारे २.५ गिगाबिट डाउनलोड असतं आणि ते अनेक घरांत वाटलं जातं. नव्या एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्ही दिशांना १० गिगाबिट. तुमच्या घरातला ओएनटी कंपनी वापरते त्याच पद्धतीचा असायला हवा आणि त्याचा सीरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. तेव्हा ओएनटी कंपनीचाच राहू द्या. त्याच्या पलीकडचं सगळं तुमचं.

काही इमारतींत खालच्या पेटीतून थेट इथरनेट केबलच घरात येते. अशा वेळी मोडेम लागतच नाही, ती केबल सरळ राउटरच्या वॅन पोर्टमध्ये जाते.

आणि सिमकार्डावरचं कनेक्शन असेल, ४जी किंवा ५जी, तर त्याचा डबा खिडकीपाशी ठेवावा लागतो, कारण त्याला टॉवर दिसायला हवा. वाय-फाय मात्र घराच्या मधोमध हवं. या एका कारणासाठीसुद्धा दोन वेगळे डबे सोयीचे ठरतात.

कंपनीला फोन करून हे विचारून घ्या

खरेदीच्या आधी हा फोन करा. मदत केंद्रावरच्या पहिल्या माणसाला यातलं सगळं माहीत नसतं. तांत्रिक विभागाशी जोडून द्यायला सांगा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

स्वतःचा राउटर लावू देता का? आणि तुमचा डबा ब्रिज मोडवर टाकून देता का? ब्रिज मोड म्हणजे कंपनीच्या डब्यानं राउटरचं काम सोडून नुसतं मोडेमचं काम करायचं. काही कंपन्या हे फोनवर लगेच करून देतात, काही जण नकार देतात. नकार आला तरी गाडं अडत नाही, त्याचा मार्ग पुढे आहे.

लॉगिनची पद्धत कोणती? पीपीपीओई असेल तर यूजरनेम आणि पासवर्ड लागतो, आणि तो वेबसाइटवरच्या खात्याचा पासवर्ड नसतो, वेगळा असतो. जुनी कंपनी सोडतानाही हा पासवर्ड जपून ठेवा, शेवटचा दिवस येईपर्यंत लागू शकतो. डीएचसीपी असेल तर काहीच भरावं लागत नाही, केबल लावली की पत्ता मिळतो.

व्हीलॅन क्रमांक आहे का? फायबरवर एकाच तंतूतून इंटरनेट, टीव्ही आणि टेलिफोन येतात. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. काही ठिकाणी ओएनटीच तो काढून टाकतो, काही ठिकाणी राउटरवर भरावा लागतो. यूजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, आणि तरी कनेक्शन लागत नाही, असं झालं की बऱ्याचदा हा एक राहिलेला क्रमांक कारण असतो. राउटर घेताना त्याच्या वॅन सेटिंगमध्ये व्हीलॅन भरायची सोय आहे ना, हे आधी पाहा. स्वस्तातल्या काही राउटरमध्ये ती नसते.

मॅक पत्ता बांधलेला आहे का? काही ठिकाणी कंपनी जोडलेल्या पहिल्या उपकरणाचा मॅक पत्ता लक्षात ठेवते आणि दुसरा राउटर लावला की इंटरनेट देत नाही. फोन करून बदलून घेता येतो, किंवा राउटरमधल्या मॅक क्लोन या सोयीनं जुनाच पत्ता नव्या राउटरवर चढवता येतो.

लँडलाइन फोन त्याच डब्यावर आहे का? असेल तर तो कंपनीच्या डब्यातूनच चालतो आणि ब्रिज मोडवर बंद पडण्याची शक्यता असते. घरात वयस्कर माणसं असतील आणि त्या फोनवर अवलंबून असतील, तर आधी खात्री करा.

शेवटचा प्रश्न सार्वजनिक आयपी पत्त्याचा. बऱ्याच कंपन्या आता एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. नुसतं पाहणं-वाचणं असेल तर फरक पडत नाही. पण बाहेरून घरातला कॅमेरा किंवा संगणक उघडायचा असेल तर फरक पडतो. ओळखायची खूण सोपी: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही वाटलेल्या पत्त्यावर आहात. राउटर कितीही महाग घेतला तरी यात बदल होत नाही.

राउटर घेताना: पोर्ट

पहिली अट, वॅन पोर्ट इथरनेटचा हवा. फक्त टेलिफोनचं सॉकेट असलेला डबा नको, हे मी खिशाला चाट लावून घेऊन शिकलो.

दुसरी अट, सगळे पोर्ट गिगाबिटचे हवेत. खोक्यावर १०/१००/१००० असं छापलेलं असतं. नुसतं १०/१०० असेल तर तो डबा तिथेच ठेवून द्या. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच्या वर काही जात नाही. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतला तरी ९४च दिसणार. जुन्या पद्धतीचे असे पोर्ट अजूनही वाय-फायचे मोठे आकडे छापलेल्या डब्यांत असतात, म्हणून हे बजावून सांगतो. गिगाबिट पोर्टमधून सुमारे ९४० मेगाबिट मिळतात. प्लॅन एक गिगाबिटच्या वर असेल किंवा दोन-तीन वर्षांत तिथे जायचा विचार असेल, तरच २.५ गिगाबिटचा वॅन पोर्ट बघा. आणि मग निदान एक लॅन पोर्टही २.५चा हवा, नाहीतर आत आलेला स्पीड बाहेर पडायला जागाच नाही.

खोक्यावरचा मोठा आकडा

एसी१२००, एएक्स१८००, एएक्स३००० असे आकडे ठळक छापलेले असतात. लोक ते स्पीड समजून तुलना करतात, म्हणून एक आकडा इथे उकलून दाखवतो.

एएक्स३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २४०२. बेरीज २९७६, ती ३००० करून छापली. पण तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा बेरजेला काही अर्थ नाही. उरले २४०२. तेही १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल मिळाला तर. पुष्कळ फोन आणि लॅपटॉप ८० मेगाहर्ट्झवरच बोलतात, म्हणजे १२०१. हा झाला हवेतला कागदोपत्री वेग. एकमेकांची वाट पाहणं, पोच देणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं यांत बराच भाग जातो आणि त्याच खोलीत बसूनही हातात ६००-८०० येतात. मध्ये एक भिंत आली की आणखी कमी. म्हणजे ३०००चा डबा आणि फोनवर ७००, तर राउटरमध्ये काहीही बिघाड नाही.

याच हिशेबानं एएक्स१८००मध्ये ५ गिगाहर्ट्झवर १२०१च असतात. फोन आणि लॅपटॉप ८० मेगाहर्ट्झचेच असतील, तर खोलीत बसून १८०० आणि ३००० यांत फरक जाणवत नाही. चारशे-पाचशे मेगाबिटपर्यंतच्या प्लॅनला १८०० पुरेसा आहे. अँटेनांची संख्या पाहूनही भुलू नका. बहुतेक फोनमध्ये दोनच अँटेना असतात आणि डब्यावर आठ दिसल्या तरी फोनचा वेग त्याच्या दोन अँटेनांनीच ठरतो.

पिढीचं म्हणाल तर आज घेताना वाय-फाय ६च्या खाली जाऊ नये. वाय-फाय ६ची प्रमाणपत्रं २०१९ पासून मिळू लागली, तेव्हा गेल्या काही वर्षांतले बरेच फोन ते वापरतात. त्याचा खरा फायदा कमाल स्पीडपेक्षा गर्दीत दिसतो: घरात वीस उपकरणं एकाच वेळी थोडं थोडं मागत असतात, त्यांना तो एकाच फेरीत वाढू शकतो. वाय-फाय ७ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. फोन-लॅपटॉप त्या पिढीचे नसतील तर घाई नको. वाय-फाय ६ई आणि ७ मधल्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी तो तुमच्या देशात किती खुला आहे ते पाहा. परवानगी सगळीकडे सारखी नाही.

प्रोसेसर आणि अपडेट

या दोन गोष्टी खोक्यावर ठळक नसतात आणि राउटर पाच वर्षं टिकतो की दोन, हे यांवरच ठरतं.

पीपीपीओईवर डेटाच्या प्रत्येक पाकिटाला आठ बाइटचं जादा वेष्टन लागतं. ते काढायचं-घालायचं काम राउटरला सतत करावं लागतं. ते करायला आत वेगळं हार्डवेअर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर प्रोसेसर धापा टाकतो आणि गिगाबिटच्या प्लॅनवर ३००-४०० मेगाबिटवरच अडकतो. काही राउटरमध्ये मुलांसाठीची बंधनं किंवा प्रत्येक उपकरणाची मोजदाद चालू केली की हे हार्डवेअर आपोआप बाजूला पडतं. वेगवान प्लॅन पीपीपीओईवर असेल तर त्या मॉडेलचं कोणीतरी केलेलं पीपीपीओईचं मोजमाप शोधून वाचा. याच आठ बाइटमुळे पाकिटाची कमाल लांबी १५०० वरून १४९२ होते. काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं झालं, तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे हीच कमाल लांबी, १४९२ आहे का ते तपासा.

अपडेटबद्दल मी जास्त आग्रही आहे. राउटर हा घराचा दरवाजा. त्यातली भोकं बुजवायला उत्पादकानं वेळोवेळी नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, द्यावं लागतं. घेण्याआधी उत्पादकाच्या साइटवर त्या मॉडेलच्या डाउनलोड पानावर जा आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो राउटर कितीही स्वस्त असो, सोडा. स्वतः अपडेट होण्याची सोय असेल तर उत्तम. डब्ल्यूपीए३ हे वाय-फायच्या सुरक्षेचं मानक हवंच, जुलै २०२० पासून वाय-फाय प्रमाणपत्रासाठी ते सक्तीचं आहे.

थोडी खटपट करायची तयारी असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर चालतं असं मॉडेल घ्या. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. उत्पादकानं पाठ फिरवली तरी अशा राउटरला नवं फर्मवेअर मिळत राहतं. शिवाय त्यातल्या एसक्यूएम या सोयीनं मंद लाइनवरचा एक जुनाट त्रास जातो: एकानं व्हिडिओ अपलोड करायला लावला की दुसऱ्याचा कॉल तुटतो, तो.

एकत्र डबा कधी घ्यावा

पुढची काही वर्षं तांब्याचीच लाइन राहणार, जागा अपुरी आहे, विजेचं एकच सॉकेट मोकळं आहे, तर एकत्र डबा घ्यायला हरकत नाही. पण त्यात इथरनेट वॅन पोर्टही हवा, किंवा एक लॅन पोर्ट वॅन म्हणून वापरायची सोय हवी. मोडेमचं सॉकेट आज वापरा, फायबर आलं की तोच डबा नुसता राउटर म्हणून चालवा.

घर मोठं असेल तर

एकाच राउटरनं सगळं घर झाकण्याचा हट्ट सोडा. पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, काँक्रीटची भिंत यांपुढे महागडा राउटरही हात टेकतो. मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पुरवणारे डबे, घ्या, पण शक्य तिथे दोन डब्यांच्या मध्ये केबल टाका. केबल नसेल आणि पट्टे दोनच असतील, तर दुसरा डबा ज्या हवेतून घेतो त्याच हवेतून देतो आणि स्पीड निम्म्यावर येतो. केबल टाकायची एकदाची दगदग आहे, पण त्यानंतर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

बदलाच्या दिवशी

जुनं कनेक्शन लगेच तोडू नका, आठवडाभर दोन्ही चालू राहू द्या. राउटर आधीच्या संध्याकाळी मोकळ्या वेळी तयार करा: जुनंच वाय-फायचं नाव, जुनाच पासवर्ड, तोच डब्ल्यूपीएचा प्रकार, आणि ॲडमिनचा पासवर्ड मात्र नवा. नाव-पासवर्ड तेच ठेवले की घरातली उपकरणं आपोआप जोडली जातात.

तंत्रज्ञ घरात असतानाच लॅपटॉप केबलनं कंपनीच्या डब्याला जोडून स्पीड मोजा. तो नीट असेल तर लाइन ठीक. मग राउटर लावा आणि पुन्हा केबलनंच मोजा. वाय-फायवरचं मोजमाप सर्वांत शेवटी. या क्रमानं गेलात तर चूक कुठे आहे हे शोधत बसावं लागत नाही.

एकदा ओळखीच्या घरी ३००चा प्लॅन आणि आकडा ९४वरून हलेना. राउटर गिगाबिटचा, ओएनटी गिगाबिटचा. मी दोन डब्यांमधली केबल काढून प्लग उजेडात धरला. आठ तारांपैकी तपकिरी तार आत पूर्ण पोचलेलीच नव्हती, पितळी पातीच्या अलीकडेच संपली होती. १०० मेगाबिटला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागतात. एक तार निसटली की दोन्ही डबे मुकाट्यानं शंभरवर उतरतात, कुठे काही तक्रार दिसत नाही. वीतभर लांबीची नवी कॅट ५ई केबल लावली आणि आकडा ३०० झाला. तेव्हापासून ९४ दिसला की मी आधी केबल बदलतो.

कंपनीनं ब्रिज मोड दिला नसेल तर घरात एकामागे एक असे दोन राउटर होतात. साध्या वापराला काही बिघडत नाही. मात्र दोघांचा आतला पत्ता वेगळा हवा. कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर तुमचा १९२.१६८.५०.१ करा, आणि कंपनीच्या डब्यातलं वाय-फाय बंद करा, म्हणजे दोघं एकमेकांच्या हवेत बोलणार नाहीत. गेम किंवा बाहेरून कॅमेरा पाहणं अडत असेल, तर कंपनीच्या डब्यात डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं सगळं एका पत्त्याकडे पाठवायच्या सोयीत, तुमच्या राउटरचा पत्ता भरून बघा.

वीज जाते तिथे मोडेम आणि राउटर या दोघांनाही बॅकअप द्या, एकट्या राउटरला देऊन उपयोग नाही. छोटा यूपीएस घेताना त्याचे व्होल्ट प्रत्येक डब्याच्या अडॅप्टरवरच्या व्होल्टशी तंतोतंत जुळायला हवेत. यूपीएसचे अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

जुना डबा

भाड्याचा असेल तर परत करा आणि पोच घ्या. देण्यापूर्वी रिसेटच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे तुमचे पासवर्ड पुसले जातात.

माझा तो वॅन पोर्ट नसलेला डबा मी ठेवून घेतला. रिसेट केला, लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.५०.२ केला, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, वाय-फायला घरचंच नाव आणि पासवर्ड दिला, चॅनेल तेवढा वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर मुख्य राउटर १ वर, हा ११ वर. मग नव्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल मागच्या खोलीपर्यंत नेली आणि याच्या चार पिवळ्या पोर्टांपैकी एकात लावली. टेलिफोनचं सॉकेट रिकामंच आहे. मागच्या खोलीत पूर्वी एकच कांडी दिसायची, आता तिथे बसून कॉल होतात.